इंटरफेरॉन लागू पडलं नाही, तेव्हा

इंटरफेरॉन लागू पडलं नाही की बोट पेशंटकडे वळतं, हे मी स्वतः सोसलं आहे. पथ्य मोडलं असेल, उपवास केले असतील, इंजेक्शन फ्रीजबाहेर राहिलं असेल, मनातूनच बरं व्हायची उमेद नसेल. बोलणारी माणसं आपलीच असतात, काळजीपोटीच बोलतात, पण आजारी माणसाला ते फार जड जातं. मी सांगलीजवळ ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. विषाणू, पेशी, प्रतिकारशक्ती हे माझ्या रोजच्या तासाचे विषय. तरी हिपॅटायटिस बीचा विषाणू इंटरफेरॉनला दाद का देत नाही, हे मी खोलात जाऊन वाचलं ते माझ्या यकृतात घडून गेल्यावर. वाचलं आणि मनावरचं ओझं उतरलं. ज्यांच्या कपाटात माझ्यासारखीच फाईल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला हा आजार असल्याचं कळलं ते दिवस राहिल्यावर. गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं. त्याआधी मला कावीळ झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं, थकवा नाही, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला लावलं. नवरा निगेटिव्ह आला, त्याची लस लगेच सुरू झाली. वडील निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह आणि धाकटा भाऊही पॉझिटिव्ह.

आईनं रिपोर्ट हातात धरून विचारलं, "म्हणजे माझ्यामुळंच ना गं तुम्हा दोघांना?"

त्या प्रश्नाला नुसता धीर देऊन भागणार नव्हतं, खरं उत्तर द्यायला हवं होतं. बरूच ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात जे प्रथिन सापडलं, तेच या विषाणूचं पृष्ठभागावरचं अँटिजेन, म्हणजेच एचबीएसएजी. ही गोष्ट १९६० च्या दशकातली. त्या शोधासाठी त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. पण पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली १९८१ मध्ये, यीस्टच्या मदतीनं बनवलेली १९८६ मध्ये, आणि भारतात तयार झालेली, सामान्यांना परवडेल अशी लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं आणली १९९७ मध्ये. माझा आणि भावाचा जन्म सत्तरच्या दशकातला. आम्ही जन्मलो तेव्हा विषाणू सापडलेला होता, पण आईच्या हातात त्याविरुद्ध काहीही नव्हतं. मी तिला हे सगळं सनावळीसकट सांगितलं. ती गप्प राहिली, पण त्यानंतर तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

माझ्या मुलीला मात्र जन्मल्यावर बारा तासांच्या आत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळालं. पुढचे डोस वेळेवर झाले. आज ती निगेटिव्ह आहे आणि तिच्या रक्तात संरक्षण देणारी प्रतिपिंडं आहेत. आईपासून माझ्यापर्यंत आलेली साखळी तिच्यापाशी तुटली.

जन्माच्या वेळी लागण झाली की दहांपैकी नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठ्या वयात लागण झाली, तर शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांत. मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखते आणि बहुतेकदा निपटून काढते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते, तिला तो परका वाटतच नाही. इंटरफेरॉन कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, याची मुळं बरीचशी इथपर्यंत जातात.

बरीच वर्षं माझे रिपोर्ट नॉर्मल होते. सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची, एवढंच. मग यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी वाढू लागलं, विषाणूंची संख्याही वर गेली, फायब्रोस्कॅनमध्ये यकृत थोडं कडक झाल्याचं दिसलं. आमच्या भागातले लोक मोठ्या दुखण्याला मिरजेला जातात, मीही गेले. तिथल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, टेनोफोविरची रोज एक गोळी, ती बहुधा कायमची. दुसरी, पेगिलेटेड इंटरफेरॉन, आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे, आणि मग थांबायचं.

मी दुसरी वाट निवडली. ठरावीक मुदतीत संपणारा उपचार, जन्मभर गोळीची ताबेदारी नाही, हे आकर्षण मोठं होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ज्यांच्या रक्तात विषाणूचं ई-अँटिजेन हे प्रथिन असतं, अशा रुग्णांत साधारण दहांतल्या तिघांना चांगला प्रतिसाद मिळतो. माझ्या रक्तात ई-अँटिजेन नव्हतं. शिवाय माझा विषाणू जनुकीय प्रकार डीचा निघाला. भारतात डी आणि ए हे प्रकार जास्त आढळतात. त्यातला ए इंटरफेरॉनला बरा प्रतिसाद देतो, डी कमी. एवढं कळूनही मी हो म्हटलं, आणि तो निर्णय त्या वेळी मला योग्यच वाटला होता. आजही वाटतो.

ई-अँटिजेन नसणं हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून त्याबद्दल थोडं. पुष्कळ घरांत 'ई निगेटिव्ह म्हणजे विषाणू निवळला' असा समज असतो. कित्येकांच्या बाबतीत तो खराही असतो. पण काही विषाणूंमध्ये जनुकातल्या १८९६ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदलतं, जीच्या जागी ए येतं, आणि ई-अँटिजेन बनवण्याची सूचना अर्ध्यावर तुटते. विषाणू वाढतच राहतो, फक्त हे एक प्रथिन बनवणं सोडतो. डी प्रकारात हा बदल बऱ्याच वेळा दिसतो. माझ्या यकृतात असाच विषाणू होता.

इंजेक्शन शुक्रवारी रात्री घ्यायचं ठरलं, म्हणजे शनिवार-रविवार ताप काढता येईल. १८० मायक्रोग्रॅमची भरलेली सिरिंज फ्रीजमधून काढायची, थोडा वेळ बाहेर ठेवायची, पोटाच्या कातडीखाली टोचायची. आधी पॅरासिटामॉल घ्यायची. मध्यरात्रीनंतर हुडहुडी भरायची, अंग मोडून यायचं. हा फ्लूसारखा ताप म्हणजे औषध शरीरात काम करत असल्याची खूण, आणि गोष्ट अशी की फ्लूमध्ये अंग दुखतं त्यातही आपल्याच शरीरानं तयार केलेल्या इंटरफेरॉनचा मोठा वाटा असतो. पुढे भूक गेली, केस विंचरताना पुंजके हातात येऊ लागले, पांढऱ्या पेशी खाली आल्या.

हे सगळं मी धरून चालले होते. मनाचं काय होईल, हे मात्र कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता डोळे भरून यायचे. मुलीनं पेला सांडला म्हणून मी तिच्यावर इतकी ओरडले की नवऱ्यानं तिला उचलून बाहेर नेलं. नैराश्य आणि चिडचिड हा इंटरफेरॉनचा चांगला माहीत असलेला परिणाम आहे. काहींना त्यामुळे उपचार थांबवावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की ही गोष्ट पेशंटबरोबर घरच्यांनाही बसवून सांगायला हवी. त्यांना माहीत असेल, तर ते माणसाला दोष न देता सांभाळून घेतात. आम्हाला कळल्यावर नवऱ्यानं तसंच केलं.

बाराव्या आठवड्यात तपासणी झाली. पृष्ठभागावरच्या अँटिजेनचं प्रमाण जराही उतरलं नव्हतं. विषाणूचा डीएनए शंभर पटींनीही कमी झाला नव्हता. ई-निगेटिव्ह आणि डी प्रकाराच्या रुग्णांसाठी नियम साफ आहे: बाराव्या आठवड्यात या दोन्ही गोष्टी अशाच राहिल्या, तर पुढे उपयोग होण्याची आशा जवळजवळ नसते, तेव्हा थांबावं. डॉक्टरांनी थांबवलं. फाईलवर 'नॉन-रिस्पॉन्डर' असं लिहिलं गेलं.

घरी बातमी पोचली आणि सुरुवातीला म्हटलं ते सुरू झालं. आत्यांचं म्हणणं पथ्यात कसूर झाली. एका नातेवाइकांनी काविळीची माळ आणि झाडपाल्याचा रस आणून दिला, तो मी घेतला नाही. आधीच सुजलेल्या यकृतावर कसली पाळंमुळं आहेत हे ठाऊक नसलेला रस ओतणं धोक्याचं असतं, काहींचं यकृत अशा औषधांनीच निकामी झालेलं आहे. पण रस नाकारला म्हणूनही मीच हट्टी ठरले. त्या दिवसांत मी रात्री बसून वाचू लागले.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी लावला. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर त्यांनी निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू सोडला, तेव्हा त्या पेशींनी असा एक पदार्थ बाहेर टाकला की ज्यानं दुसऱ्या पेशींनाही विषाणूपासून वाचवलं. या शोधात माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हात लावत नाही. ते गावात पिटलेल्या दवंडीसारखं असतं: शत्रू आलाय, दारं लावा, हत्यारं काढा. ती ऐकून जे करायचं ते पेशीनंच करायचं असतं. पेशीपर्यंत दवंडी पोचली नाही, तर इंजेक्शन कितीही वेळेवर घेतलं तरी काय होणार?

पेशी हा निरोप ऐकते कसा, तर तिच्या कवचावर इंटरफेरॉनसाठी एक ग्राही असतो. इंटरफेरॉन तिथे चिकटलं की आत जॅक-१ आणि टायके-२ ही दोन एन्झाइमं जागी होतात. ती स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. मग ही जोडी आयआरएफ-९ या तिसऱ्या प्रथिनाला बरोबर घेऊन केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुकं चालू करते. त्यांतून निघालेली प्रथिनं विषाणूचा आरएनए तोडतात, नवे कण बांधू देत नाहीत, विषाणूच्या जनुकांवर पडदा टाकतात.

हिपॅटायटिस बीचा विषाणू या वाटेवर ठिकठिकाणी आडवा येतो. त्याचं जनुकीय साहित्य अवघं ३२०० अक्षरांचं, माणसाचं ३०० कोटींचं. एवढ्याशा साहित्यात एकच अक्षर दोन-दोन प्रथिनांच्या कामी येतं. त्याचं पॉलिमरेज नावाचं एन्झाइम स्वतःच्या प्रती तर काढतंच, शिवाय प्रयोगशाळेतल्या पेशींत असं दिसलं आहे की स्टॅट प्रथिनांना केंद्रकात नेणाऱ्या इम्पॉर्टिनलाच ते धरून ठेवतं. निरोप कवचापर्यंत येतो, आतही येतो, पण केंद्रकाच्या दारात अडतो. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. शुक्रवारची ती सगळी इंजेक्शनं माझ्या रक्तात पोचली होती, ताप आला होता, म्हणजे बाकीच्या शरीरानं निरोप ऐकला होता. ज्या पेशींनी ऐकायला हवा होता, त्यांचेच कान विषाणूनं बंद केले असणार.

दुसरी गोष्ट त्याहून खोलवरची आहे. यकृताच्या पेशीत शिरल्यावर हा विषाणू आपलं डीएनए केंद्रकात नेतो. तिथे पेशीचीच दुरुस्ती करणारी एन्झाइमं त्याचं अर्धवट वर्तुळ पूर्ण करून देतात, आणि त्या वर्तुळाभोवती आपल्या गुणसूत्रांसारखीच हिस्टोन प्रथिनं गुंडाळली जातात. या बंद वर्तुळाला सीसीसीडीएनए म्हणतात. ते पेशीत वर्षानुवर्षं राहतं आणि विषाणूचे सगळे नवे कण त्यावरूनच तयार होतात. इंटरफेरॉन या वर्तुळाला काही प्रमाणात गप्प करू शकतं, पण ते पुसून टाकणं क्वचितच जमतं. आपल्या पेशीत एसएमसी-५/६ नावाचा प्रथिनांचा एक संच असतो, तो अशा परक्या वर्तुळांना बंद पाडतो. विषाणूचं एक्स प्रथिन नेमका तोच संच मोडून टाकतं, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. बचावाचं जे हत्यार पेशीपाशी होतं, त्यालाच विषाणू आधी गाठतो.

तिसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. चिंपांझींवरच्या अभ्यासात दिसलं की लागण झाल्यावर पहिले कित्येक आठवडे यकृतात इंटरफेरॉनची जनुकं चालूच होत नाहीत. विषाणू वाढत असतो आणि शरीराला सुगावा लागत नाही. पुढे रक्तात खऱ्या विषाणूकणांच्या हजारो पट, कधी लाख पट रिकामे कण फिरतात, फक्त पृष्ठभागाचं प्रथिन असलेले. प्रतिपिंडं त्यांच्यावरच खर्च होतात. जन्मापासून हे चाललेलं असलं की विषाणूला मारणाऱ्या टी-पेशी दमून जातात, संख्येनंही कमी होतात. इंटरफेरॉननं त्यांना हाक मारली तरी उठून लढायला त्या उरलेल्या नसतात. म्हणूनच ज्यांचं एसजीपीटी बरंच वाढलेलं असतं, म्हणजे ज्यांच्या शरीरानं आधीच लढा सुरू केलेला असतो, आणि ज्यांच्यात विषाणूंची संख्या कमी असते, त्यांना इंटरफेरॉन जास्त लागू पडतं.

मिरजेला तपासणीच्या रांगेत एक निवृत्त एसटी कंडक्टर नेहमी भेटायचे. मी शिकवते हे कळल्यापासून ते मला 'बाई' म्हणायचे. त्यांचं दुखणं माझ्याहून वेगळं होतं. "बाई, लॅमिव्युडिनची गोळी पहिली काही वर्षं झकास चालली, मग उलटली," ते म्हणाले. त्यांच्या बाबतीत विषाणूनं खरोखरच औषध चुकवलं होतं. लॅमिव्युडिन विषाणूच्या पॉलिमरेजवर थेट काम करतं. त्या एन्झाइममधल्या २०४ क्रमांकाच्या जागी मेथिओनिन जाऊन व्हॅलिन किंवा आयसोल्यूसिन आलं की औषध निकामी होतं. लॅमिव्युडिन एकटं पाच वर्षं घेतलं, तर दहांतल्या सात जणांत असं घडतं. कंडक्टरकाकांच्या विषाणूनं रूप बदललं म्हणून औषध हरलं. माझ्या विषाणूला औषधासाठी रूप बदलायची गरजच पडली नाही. तो जसा होता, जिथे होता, तिथे इंटरफेरॉन पुरतं पोचलंच नाही. माझ्यासारख्यांमध्ये, लॅमिव्युडिनसारखं एक ठरावीक अक्षर बदललेलं दाखवता येत नाही, आणि त्याचा एक फायदा मोठा आहे: इंटरफेरॉन चाललं नाही म्हणून गोळ्यांचा रस्ता बंद होत नाही.

कंडक्टरकाका आणि मी, दोघंही आता टेनोफोविर घेतो. हे औषध पेशीला काही सांगत बसत नाही, ते थेट पॉलिमरेजच अडवतं, त्यामुळे पेशीचा निरोप विषाणूनं दाबला तरी त्याला फरक पडत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये आठ वर्षांपर्यंत त्याला जुमानेनासा झालेला विषाणू सापडलेला नाही. माझ्या रक्तात विषाणूचा डीएनए आता मोजण्याइतका दिसत नाही, एसजीपीटी नॉर्मल आहे, फायब्रोस्कॅन सुधारलं आहे. पृष्ठभागावरचं अँटिजेन अजून आहे, कारण ते वर्तुळ केंद्रकात तसंच आहे. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि कर्करोगाची शंका राहू नये म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी, हे चालू ठेवावं लागतं. ठरावीक मुदतीत सुटका होण्याची जी आशा मी धरली होती, ती सोडून द्यायला मला वेळ लागला, हे खरं आहे.

आत्यांना मी एकदा वहीवर पेशीचं चित्र काढून हे सगळं दाखवलं. दवंडी, केंद्रकाचं दार, ते वर्तुळ. त्यांनी शेवटी विचारलं, "मग तुझ्या जेवणाचा ह्यात काय संबंध?" काहीच नाही, असं मी सांगितलं. त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्या घरी वेगळं वाढलं जात नाही. एकत्र जेवल्यानं, एका पेल्यानं, मिठी मारल्यानं हा आजार लागत नाही. वस्तरा, टूथब्रश, सुई मात्र कुणी कुणाची वापरू नये.

ज्यांचं इंटरफेरॉन वाया गेलं आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका आणि उपचार सोडून देऊ नका. गोळी चालू असताना 'आता रिपोर्ट चांगला आलाय' म्हणून ती मनानं बंद करू नका. विषाणू उसळून यकृत एकाएकी बिघडू शकतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि टेनोफोविर सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं. घरातल्या सगळ्यांची एकदा एचबीएसएजी तपासणी करून घ्या, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या, आणि घरात बाळ येणार असेल तर पहिली लस चोवीस तासांच्या आत टोचली गेली की नाही, हे स्वतः उभं राहून विचारा.